लिबरल आर्ट्स विद्यापीठ की ठाण्यातलं बीए? पैसे भरण्याआधीची तुलना

ठाण्यातल्या अनुदानित कॉलेजात बीएची वर्षाची फी काही हजारांत भागते. तेच पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम किंवा हरियाणातल्या सोनीपतचं अशोका हे खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठ घेतलं, तर फी, वसतिगृह आणि जेवण धरून वर्षाचा आकडा दहा लाखांच्या आसपास, कधी त्याच्याही वर जातो. विषय दोन्हीकडे तेच दिसतात: इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, साहित्य. त्यामुळे घोडबंदरच्या फ्लॅटचे हप्ते भरणारे आईबाप माहितीपत्रक उलटंपालटं करून विचारतात की एवढे पैसे नेमके कशाचे?

माझं मत आधीच सांगते. निम्म्याहून जास्त फी शिष्यवृत्तीतून सुटत नसेल आणि उरलेली कर्ज काढून भरायची असेल, तर जवळचं चांगलं बीए घ्यावं आणि वाचलेले पैसे पुढच्या पदवीसाठी राखून ठेवावेत. याला एक अपवाद आहे आणि तो लहान नाही. तो पुढे येईलच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लिबरल आर्ट्स म्हणजे महागडं बीए नव्हे. त्यात गणित आणि विज्ञानही येतं. पहिल्या वर्षी सगळ्यांना काही पायाभूत विषय सक्तीने घ्यावे लागतात, मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षात ठरतो, आणि अर्थशास्त्र-इतिहास किंवा राज्यशास्त्र-अर्थशास्त्र-तत्त्वज्ञान अशा जोड्या एकाच पदवीत घेता येतात. बारावीत ‘नक्की काय करायचं’ हे न कळलेल्या मुलासाठी ही सवलत मोलाची आहे. बहुतेक मुलं अशीच असतात, फक्त नातेवाईकांसमोर कबूल करत नाहीत.

आता हीच सवलत कागदावर ठाण्यातही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुंबई विद्यापीठाच्या बीएतही मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) आले. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पण कागदावरची विषयांची टोपली आणि वर्गात प्रत्यक्ष चालणारा विषय यांत अंतर असतं. शिक्षक नसेल किंवा पुरेशी मुलं आली नाहीत, तर तत्त्वज्ञानाचा मायनर यादीतच राहतो आणि पोरं उरलेल्या दोन पर्यायांत वाटली जातात. म्हणून जोशी-बेडेकर असो, ज्ञानसाधना असो की वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज, चौकशीला जाल तेव्हा माहितीपत्रक मागू नका. गेल्या वर्षी कोणते मायनर आणि इलेक्टिव्ह खरोखर शिकवले आणि चौथं वर्ष कुठल्या विषयांत चालतं, हे विभागात जाऊन विचारा. ऑफिसच्या खिडकीवर याचं उत्तर बहुधा मिळणार नाही.

वर्गात काय होतं

पैशाचा फरक खरा दिसतो तो इथे. चांगल्या खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात वर्ग लहान असतो. आठवड्याला वाचायला मजकूर मिळतो, त्यावर लिहावं लागतं आणि लिहिलेलं तपासून परत येतं: इथे मुद्दा तुटला, हा पुरावा पुरेसा नाही, हे वाक्य कुणाचं? तीन-चार वर्षं असं लिहून परत लिहिणारं मूल पुढे कुठल्याही ऑफिसात चार पानांचा अहवाल नीट लिहितं. तुम्ही जे विकत घेता ते खरं तर हे तपासून परत येणं आहे.

आपल्याकडच्या बीएला वर्ग मोठा, हजेरीचं गणित वेगळं, आणि परीक्षेआधी पंधरा दिवस नोट्स काढल्या तरी पास होता येतं. हे कमीपणाने सांगत नाही. अनुदानित कॉलेजातला एक शिक्षक दीडशे प्रकल्प वहीच्या समासात शेरे लिहून परत देईल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तरी प्रत्येक विभागात एखादे सर किंवा मॅडम अशा असतात, की मुलाने स्वतःहून निबंध लिहून नेला तर तो लाल करून देतात. असं मूल वर्षाला एखाददुसरंच भेटत असल्याने त्यांना आनंदच होतो. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे. वर्गणी भरून तिथे बसणारा बीएचा विद्यार्थी फुकटच्या जवळपास किमतीत बरंच काही मिळवू शकतो.

‘शकतो’ हाच तो अपवाद. स्वतःहून वाचणाऱ्या मुलाला स्वस्त बीए पुरतं. कुणी मागे लागल्याशिवाय पान न उलटणाऱ्याला ते जवळजवळ काहीच देत नाही. तीन वर्षांनी हातात गुणपत्रिका आणि गाईडची रद्दी उरते. अशा मुलाला सक्तीने वाचायला-लिहायला लावणारी जागा खरोखर उपयोगी पडते, आणि घरची ऐपत असेल तर तिथे पैसे घालण्यात गैर नाही. गंमत अशी की मोठी शिष्यवृत्ती बहुधा पहिल्या प्रकारच्या मुलाला मिळते.

मराठी माध्यमाचं काय?

हा मुद्दा समुपदेशनाच्या कार्यक्रमांत क्वचितच निघतो. मुंबई विद्यापीठाच्या बीएला मराठीतून उत्तरं लिहिता येतात. खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात शिकणं, लिहिणं, कॅंटीनमधले वादही इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या हुशार मुलाचं पहिलं वर्ष तिथे विषयापेक्षा भाषेशी झटण्यात जातं. काही जण त्यातून कणखर होतात, काही गप्प बसायला शिकतात. आपलं मूल कोणत्या जातकुळीचं आहे हे घरच्यांनाच माहीत.

उलट स्पर्धा परीक्षांकडे कल असेल तर मराठीतलं बीए ही जमेची बाजू आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे गोल काळे करण्याऐवजी पानं भरून उत्तरं लिहायची. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात. ठाण्यात महापालिकेचीच चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. यूपीएससी आणि एमपीएससी दोन्हींना कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते, चाळीस लाखांची पदवीही तिथे तेवढीच मोजली जाते.

पैसे

समजा चार वर्षांच्या चाळीस लाखांपैकी निम्मे घरातून आले आणि वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार बसतो. शिकताना साठत गेलेलं व्याज यात धरलेलंच नाही. पदवीनंतर पहिल्या नोकरीत इतिहासाच्या पदवीधराला हा हप्ता देऊन घाटकोपरला खोलीचं भाडं भरता येईल का, हे घरात मोठ्याने बोलावं. आणि हे विषय असे आहेत की पदवीपाशी कुणी थांबत नाही. मानसशास्त्र घेणाऱ्या मुली ठाण्यात ढिगाने आहेत. त्यांनी हे आधीच समजून घ्यावं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिथे ना बीए पुरतं, ना लिबरल आर्ट्सची पदवी. सगळे पैसे पहिल्याच टप्प्यात संपवले, तर दुसऱ्यासाठी पुन्हा बँकेत जावं लागतं.

अर्थशास्त्राचं थोडं वेगळं आहे. इथे खासगी विद्यापीठाची बाजू मला भक्कम वाटते, कारण तिथे अर्थशास्त्र गणितासकट शिकवतात. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या ठिकाणी एमए करायचं तर गणित-संख्याशास्त्र लागतंच, आणि आपल्या बीएत ते पातळ असतं. बारावीनंतर गणित सोडलेल्या बीएच्या मुलाला ते स्वतः भरून काढावं लागेल.

‘मग बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) घेऊ दे ना’ ही हाक यात हमखास येते. थोडक्यात सांगते: अनेक कॉलेजांत तो विनाअनुदानित अभ्यासक्रम आहे, फी बीएपेक्षा कितीतरी जास्त. 2024 मध्ये बीएमएस-बीबीएसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, तेव्हा कित्येक कॉलेजांनी त्याच अभ्यासक्रमाचं नाव बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं आणि सीईटीतून सुटका करून घेतली. ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये ‘एनी ग्रॅज्युएट’ म्हणून भरती निघते तेव्हा बीए, बीकॉम, बीएमएस एकाच रांगेत उभे असतात. हिशेब आणि बाजार खरोखर आवडत असेल तर घ्यावा. निव्वळ ‘बीएपेक्षा बरं दिसतं’ म्हणून घेणाऱ्यांचं मला कळत नाही.

मधला रस्ता

लोक दोन टोकंच बघतात. माटुंग्याचं रुईया किंवा सीएसएमटीजवळचं झेवियर्स ही स्वायत्त कॉलेजं आहेत, अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, आणि फी खासगी विद्यापीठांच्या जवळपासही जात नाही. किंमत मोजायची ती लोकलमध्ये. ठाण्याहून माटुंग्याला स्लो ट्रेन. नेरुळ-वाशीकरांनी हार्बरने वडाळा गाठायचा. रोजचे दोन-अडीच तास जातात, पण मूल घरी जेवतं. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरच्या उत्पन्नानुसार फीमाफी देतं, तेही यादीत ठेवा. सामाजिक क्षेत्रात काम करायची इच्छा असेल तर आधी.

माझ्या भाचीसाठी मी हाच क्रम लावला: आधी रुईया, मग अझीम प्रेमजी, मग घराजवळचं बीए, आणि मोठी शिष्यवृत्ती हातात आली तरच फ्लेम किंवा अशोका. तिच्या बाबांना हा क्रम अजून उलटा वाटतो.

वेळापत्रकाकडेही लक्ष असू द्या, कारण घोटाळा तिथेच होतो. अशोकाच्या अर्जांच्या फेऱ्या, फ्लेमची फीट आणि पुण्याच्या सिम्बायोसिसची सेट या प्रवेश परीक्षा बारावीचं वर्ष चालू असतानाच सुरू होतात. मुंबई विद्यापीठाची नोंदणी आणि मेरिट लिस्ट मात्र निकालानंतर. त्यामुळे खासगी विद्यापीठ जागा राखण्यासाठी पैसे मागतं तेव्हा रुईयाची यादी अजून लागलेलीच नसते. ते पैसे भरण्याआधी दोन गोष्टी ईमेलने लेखी मागून घ्या: प्रवेश कोणत्या तारखेपर्यंत रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल, आणि शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकवायला किती गुण लागतील.