कोक्यू टेन कॅप्सूल १०० मिग्रॅ, दोन महिने घेतल्या त्याचा अनुभव

कोक्यू टेन म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा, शरीरात आपोआप बनणारा एक पदार्थ. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मेडिकलमध्ये चार-पाच कंपन्यांच्या अशाच कॅप्सूल मिळतात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे. ३० कॅप्सूलची डबी ११०० रुपयांना पडली, अशा दोन संपवल्या.

जानेवारीत माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ आलं, वडलांना पन्नाशीत अटॅक येऊन गेलेला म्हणून डॉक्टरांनी एटोरव्हास्टॅटिन २० सुरू केली (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांपैकी एक), रात्री एक. महिना-दीड महिन्यात मांड्या भरून यायला लागल्या. खूप चालल्यावर पाय दुखतात तसं नाही, दोन्ही बाजूंना सारखंच, जड जड. तांदूळ निवडायला खाली बसले की ओट्याला धरल्याशिवाय उठताच येईना, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दुसऱ्यावर भाजीची पिशवी खाली ठेवून थांबायला लागायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या त्या गोळीने होतंच असं, आणि मेडिकलवाल्या दादांनी ही डबी काढून दिली.

दादांनी जे कारण सांगितलं ते खोटं नाहीये. लिव्हर ज्या रस्त्याने कोलेस्टेरॉल बनवतं त्याच रस्त्यावर कोक्यू टेनही बनतं, गोळी तो रस्ता सुरुवातीलाच अडवते त्यामुळे रक्तातलं कोक्यू टेन पण कमी होतं. मग बाहेरून दिलं की दुखणं जाईल असं कुणालाही वाटेल. पण प्रत्यक्षात तसं नीट सिद्ध झालेलं नाही. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, पण २०१५ च्या एका अभ्यासात रोज ६०० मिग्रॅ देऊनसुद्धा नुसत्या खोट्या कॅप्सूलपेक्षा दुखणं कमी झालं नाही, आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या गाईडलाइनमध्ये यासाठी सरसकट देऊ नका असंच आहे. डबीवर सुद्धा बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं, ते मी घरी आल्यावर वाचलं.

माझा अनुभव, जेवणानंतर रोज एक घेतली, तेलातूपासोबत चांगली शोषली जाते म्हणून. पोटाला काही त्रास नाही. आमच्या नागपूरच्या एप्रिलमध्ये डबीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, एक सोडवताना फुटली तर हळदीसारखं केशरी तेल ओढणीला लागलं, अजून डाग आहे. आणि पाय? पहिल्या आठवड्यात बरं वाटलं, मग परत तेच, दोन महिन्यांनी पण ओटा धरूनच उठत होते.

मे मध्ये शेवटी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्ताच्या सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते कळतं), टीएसएच (थायरॉईडची) आणि व्हिटॅमिन डी अशा तपासण्या करायला सांगितलं, मधे कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का ते पण विचारलं कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या गोळीने एटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सीपीके नॉर्मल, टीएसएच १४, म्हणजे बरंच जास्त, थायरॉईड कमी काम करतंय! थायरॉईड कमी पडत असेल तर स्नायू दुखतात, स्टॅटिनचा त्रास जास्त होऊ शकतो, आणि कोलेस्टेरॉलही त्यानेच वाढतं. थायरॉईडची गोळी सुरू झाली, स्टॅटिन थोडे दिवस थांबवून रोसुव्हास्टॅटिन ५ या दुसऱ्या स्टॅटिनवर आणलं. ऑगस्टपर्यंत हात न टेकता उठायला लागले. दोन बदल एकदम झाले त्यामुळे नेमकं श्रेय कुणाला ते सांगता येणार नाही, पण कॅप्सूल तेव्हा बंद होत्या एवढं नक्की.

माझे ते दोन महिने गेले याचं फार वाईट वाटतं, २२०० रुपयांपेक्षा जास्त. स्टॅटिन घेणाऱ्यांना दुखलं की दरवेळी गोळीच दोषी असते असं नाही, २०२२ मध्ये बऱ्याच मोठ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांत २६.६ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार सांगितलेली, म्हणजे फरक अगदी थोडा. पण खरा त्रास कधी कधी गंभीर होतो, सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी २००१ मध्ये त्याचमुळे बाजारातून काढली गेली. लघवी कोलासारखी गडद झाली, अंगात ताकदच राहिली नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कॅप्सूल बघत बसू नका.

दादा मला रेड यीस्ट राईस (लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाच्या कॅप्सूल) पण देत होते, 'नॅचरल आहे ताई, ती गोळी सोडा'. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, तेही स्टॅटिनच, फक्त किती आहे ते डबीगणिक वेगळं. ते घेतलं नाही हे बरं झालं. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल त्यांनी कोक्यू टेनला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, वॉरफरिनचा असर कमी होऊ शकतो.

५ पैकी २ स्टार, ते पण पोटाला त्रास झाला नाही म्हणून. टीएसएच माझ्याकडे जवळच्या लॅबमध्ये साडेतीनशेत झाली.