कर्करोगाचा इतिहास आणि मेंदूत मेनिन्जिओमा: लक्ष ठेवावे, किरण द्यावेत की गाठ काढावी?

स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या व्यक्तीच्या एमआरआयमध्ये मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून संथपणे वाढणारी आणि बहुधा निरुपद्रवी गाठ, दिसली, तर डॉक्टर अनेकदा नुसते लक्ष ठेवायला सांगतात. तो सल्ला बहुतेकांच्या बाबतीत योग्यच असतो. मात्र क्वचित कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे येऊन या गाठीतच रुजतात. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत असे उदाहरण १९३० मध्येच नोंदले गेले. मेनिन्जिओमाला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि ती वर्षानुवर्षे डोक्यात राहते, म्हणून तिथे हे अधिक घडत असावे, असे मानले जाते.

गाठ लहान असेल, जुन्या एमआरआयशी ताडून पाहता बदललेली नसेल आणि भोवती सूज नसेल, तर लक्ष ठेवण्यात फारसे काही गमावत नाही. तीच गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली, भोवती नव्याने सूज आली किंवा फिट येऊ लागल्या, तर थांबणे महागात पडू शकते, कारण आत काय दडले आहे हे साध्या एमआरआयवरून खात्रीने सांगता येत नाही. रक्तप्रवाह मोजणारा पर्फ्युजन एमआरआय संशय वाढवतो किंवा कमी करतो, एवढेच.

गॅमा नाइफसारख्या किरणोपचारात कवटी उघडावी लागत नाही, त्यामुळे त्याकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. शिवाय लहान मेनिन्जिओमा आणि मेंदूत पसरलेला कर्करोग, दोन्हींवर ते वापरतात. पण तपासायला तुकडा हाती येत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. स्तनाच्या कर्करोगात पसरलेल्या पेशींचे हार्मोन आणि हर-टू रिसेप्टर (कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी पेशींची प्रथिने) मूळ गाठीपेक्षा वेगळे निघू शकतात आणि त्यावर पुढचे औषध ठरते.

म्हणून गाठीचे वागणे संशयास्पद असेल, ती सहज पोहोचता येण्याजोग्या जागी असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर माझा कल शस्त्रक्रियेकडे राहील. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अशक्तपणा हे धोके खरे आहेत. कवटीच्या तळाशी, नसांना लगटून असलेल्या गाठीत ते बरेच वाढतात, आणि शरीरात इतरत्र कर्करोग आटोक्याबाहेर असेल तर हे गणित पुन्हा मांडावे लागते.

शस्त्रक्रिया झालीच, तर आधीच्या कर्करोगाची माहिती आणि जुना बायोप्सी अहवाल गाठीचे तुकडे तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोहोचला आहे ना, हे स्वतः विचारून घ्यावे. कर्करोगाचा भाग गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो आणि मोजकेच तुकडे तपासले तर तो निसटतो.