चोक म्हणून गळ्यात मारलेला ठोकळा

मोठी टेस्ला कॉइल (अतिउच्च व्होल्टेजच्या ठिणग्या उडवणारं यंत्र) करायला घेतली असेल आणि त्यासाठी कुणाकडून तयार किंवा जुना बॅलास्ट, म्हणजे करंटला लगाम घालणारा, गाभ्यावर तार गुंडाळलेला चोक, विकत घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्या वेळी माझा भाचा मेन स्विचपाशी उभा होता. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

आधीची छोटी कॉइल मी निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवायचो. त्याच्या गाभ्यातच चुंबकीय शंट, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला दिलेली आडवाट, असतो. त्यामुळे १५ किलोव्होल्टची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली तरी करंट ३० किंवा ६० मिलिअँपिअरवरच अडतो. मोठ्या कॉइलसाठी मी विजेच्या खांबावर बसवतात तसला १० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याला असा लगाम नसतो. स्पार्क गॅप (ठिणगी पडायची फट) पेटली की त्याच्या हाय व्होल्टेज बाजूला जवळजवळ शॉर्टच होतो, आणि त्याचा अंतर्गत इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) जेमतेम दोन-चार टक्के. म्हणजे तो ठरलेल्या करंटच्या पंचवीस ते पन्नास पट ओढू शकतो. म्हणून लो व्होल्टेज बाजूला मेन्सच्या सिरीजमध्ये चोक लागतोच. माझा हिशेब असा होता: २४० व्होल्ट आणि कमाल ४० अँपिअर, म्हणजे ६ ओहम, ५० हर्ट्झला साधारण १९ मिलिहेन्री इंडक्टन्स (चोकचा एसी करंट अडवायचा गुण).

विकणाऱ्याने सांगितलं, नेमका तसाच तयार आहे, ४० अँपिअरचा, नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा. व्हिडिओही पाठवला. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चोक, तारेभोवती क्लॅम्प मीटर, ६० व्होल्टला अर्ध्या अँपिअरच्या आत करंट. "बघा कसा धरून ठेवतो," असं तो म्हणत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ६ ओहमचा चोक ६० व्होल्टला १० अँपिअर घेणार. अर्धा अँपिअर हे चांगलं लक्षण नव्हतं, धोक्याचं होतं.

पहिल्याच दिवशी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. दरवेळी चोकमधून धडकन आवाज यायचा, जणू आतून कुणी हातोडा मारतंय. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "एमसीबी कमी पडतोय, मोठा लावा." हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. करंट अडवण्यासाठी जी वस्तू घेतली ती अडवत नाहीये, आणि जे एकच साधन आपलं काम चोख करतंय ते बदला म्हणतो! आणि मी खरोखरच मोठा एमसीबी आणून ठेवला होता. तो बसवण्याआधी वार्निश जळल्याचा वास आला म्हणून मी थांबलो, एवढंच.

खांबावरचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण बाजूला काढला आणि एकटा चोक व्हेरिअ‍ॅकवर घेतला. ६० व्होल्टला ०.४ अँपिअर, ११० ला दीड, १५० ला एकदम २०. पुढे जायची हिंमत झाली नाही. गाभा सॅच्युरेट होत होता, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नव्हतं. तेवढ्यापुरता तो चोक राहतच नाही, नुसती जाड तार उरते. शिवाय अशा वेळी करंटचे टोकदार सुळके येतात आणि ट्रू आरएमएस नसलेला (वेड्यावाकड्या लहरींचा खरा करंट मोजू न शकणारा) मीटर ते कमीच दाखवतो.

मग उघडला. ई आणि आय आकाराच्या पत्र्या एकाआड एक उलटसुलट घातलेल्या, कुठेही एअर गॅप नाही. म्हणजे कुठल्यातरी जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा, वरून नवा रंग. चोकच्या गाभ्यात मुद्दाम फट ठेवून त्यात फायबरची किंवा प्रेसबोर्डची चकती घालतात, आणि ती फट कमी-जास्त करूनच इंडक्टन्स जुळवतात. इथे नॉबच्या दांड्याला आत काहीच जोडलेलं नव्हतं. तारेवरचं इनॅमल ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरी चकाकी. तांबं नव्हतंच, अ‍ॅल्युमिनियम होतं. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त रेझिस्टन्स, आणि तेवढीच जास्त उष्णता.

घेण्याआधी एकच गोष्ट मागा: तुम्हाला जेवढा करंट हवा, तेवढ्यापर्यंतची व्होल्टेज आणि करंटची जोडीजोडीने रीडिंग्ज. भागाकार सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. माझा ११० व्होल्टला ७३ ओहम होता आणि १५० ला साडेसात. विकणारा फक्त कमी व्होल्टेजचं दाखवत असेल तर घेऊ नका.

आता मी जुनं एसी वेल्डिंग मशीन वापरतो. त्याची वेल्डिंगची टोकं शॉर्ट करून प्रायमरी सिरीजमध्ये घेतली आहे, जोडीला थोडा हीटर कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंट हिसके देत नाही. मशीन तापतं, म्हणून मधूनमधून विसावा द्यावा लागतो. पण एमसीबी तोच जुना आहे आणि अजून एकदाही पडलेला नाही.

पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड केलात." नंतर फोन उचलणंच बंद केलं. जाहिरात मात्र अजून आहे. हिरवा रंग, पिवळा नॉब, आणि फोटोत मीटरवर तोच अर्ध्या अँपिअरच्या आतला आकडा.