रविवार पेठेतली किडनीची भरड: माल एक नंबर, चिठ्ठीवर जाऊ नका

बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक मसालेवाल्यांच्या ओळीत एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, तिथं पुनर्नवा, गोखरू आणि वरुणसालीची मिक्स भरड मिळते, पाव किलो १४० रुपये. मामांचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) वाढलंय म्हणून मामींनी मागवलेली. पाचपैकी तीन स्टार, तेही मालासाठी.

माल खरंच चांगला हाय. पुनर्नवेची मुळं पिळवटलेली, मातकट, बुरशीचा वास नाही, आणि तुमच्यासमोर कुटून देतात. गोखरू अख्खे घेणार असाल तर डबा घेऊन जावा, काटे प्लास्टिकच्या पिशवीतनं बाहेर येऊन हाताला टोचतात. चव विचारू नका, तुरट मातीच.

आता खरी गोष्ट. पिशवीत एक चिठ्ठी घालतात, त्यावर छापलंय 'उंदरांवर सिद्ध, किडनी पुन्हा नव्यासारखी'. दुकानदाराला म्हटलं, अण्णा, कुठल्या उंदरांवर? तर म्हणे ते छापून येतंय, आम्ही नुसतं घालतो!

मी फार्मसीवाला, कॉलेजात हे प्रयोग जवळनं बघितलेत. होतं काय, चांगल्या धडधाकट उंदराला सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध टोचून मुद्दाम किडनी बिघडवतात, आणि वनस्पतीचा अर्क बहुतेक वेळा त्याच्या आधीपासनंच चालू असतो. मग थोड्या दिवसांत रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन बघायचं, किडनीची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली नलिका किती मेल्या ते बघायचं. अर्कवाल्या गटात नुकसान कमी दिसलं की संरक्षण झालं म्हणतात. ते खोटं नाही हो, पुनर्नवेवर असले निकाल आलेत. पण मामांची किडनी बीपी-शुगरनं वर्षानुवर्षं झिजलीय, ती बिघडायच्या आधी अर्क चालू नव्हता की.

डोसाचंही तसंच. छोट्या उंदराला (इंग्रजीत माउस, मोठा रॅट नव्हे) किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला तर माणसाच्या हिशोबात १२.३ नं भागायचं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम अर्क. भरडीतनं दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तरी वीस ग्रॅम भरड लागली, आणि चिठ्ठीवर लिवलंय एक चमचा. वर पुनर्नवेत पोटॅशियम भरपूर, किडनी कमजोर असलेल्याला डॉक्टर नेमकं तेच कमी करायला सांगतात. मामांनी काढ्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद करायचं ठरवलेलं, मामींनी वेळेत फोन केला म्हणून बरं.

आणि 'झाडपाला हाय, काय अपाय करतोय' हे तर बोलूच नका. बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी वनौषधी घेतलेल्या बायकांच्या किडन्या गेल्याचं १९९३ साली छापून आलंय, कारण होतं त्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड. तेच ॲसिड आपल्याकडच्या ईश्वरीच्या मुळातही असतं, आणि ते मूळ याच दुकानात गोखरूच्या शेजारच्या पोत्यात दिसलं! कुटायचं खलबत्तं तेच, सगळ्याला एकच. म्हणून भरड घेताना आधी ते पुसून घ्यायला लावा, अण्णा तोंड वाकडं करतात पण पुसतात.

वैद्यांनी लिहून दिलं असेल तर कच्चा माल इथनं घ्या. दुपारी टेम्पो लागलेले असतात, गाडी लांब लावून चालत जावा. फोनपे चालतंय.