फोटोबुक करावं की सुटे प्रिंट काढून अल्बम लावावा? दोन्ही करून बसलेल्याचं मत

मित्राचा परवा फोन आला, पोराचे सहा वर्षांचे फोटो फोनमधे पडून आहेत, बायको मागे लागलीय, फोटोबुक करून टाकू का लॅबमधून सुटे प्रिंट काढून अल्बममधे लावू, तू दोन्ही केलंयस ना. केलंय, आणि घरी प्रिंटर घ्यायचा उद्योगही करून झालाय. त्याला फोनवर अर्धवट सांगितलं तेवढ्यात त्याची मीटिंग आली, म्हणून उरलेलं लिहून काढतोय.

प्रिंटरचं आधी उरकतो. शाईच्या टाकीवाला, सहा रंगांचा, खास फोटोसाठीचा घेतला होता. पहिले दोन महिने घरात नुसता उत्सव, पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टपासून देवघरातल्या दत्ताच्या फोटोपर्यंत सगळं छापून झालं. दिवाळीनंतर दीड महिना हात लागला नाही आणि निळा रंग यायचा बंद झाला. हेड क्लीनिंग मारायचं, ती शाई आतल्या आत वाया जाणार, परत टेस्ट पेज, परत क्लीनिंग, शेवटी फोटो छापण्यापेक्षा प्रिंटर धुण्यातच जास्त शाई गेली असं माझं मत झालं. ज्यांच्याकडे आठवड्याला चार-पाच रंगीत पानं निघतात त्यांचं जमत असेल. आम्ही वर्षातून दोनदा उत्साह येणारी माणसं, आमचा प्रिंटर आता फक्त आधार कार्डं छापतो.

राहिले दोन. फोटोबुक, म्हणजे ॲपमधे आपण पानं लावायची आणि ते पुस्तक छापून पाठवतात, दिसतं छानच, हे आधी कबूल करतो. २०२२ मधे हंपीला गेलो होतो त्याचं केलं, चाळीस पानी, मला दीड हजाराच्या आसपास पडलं. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ अख्ख्या दोन पानांवर पसरून टाकला आणि शेजारी पोरीचा पन्नासची नोट हातात धरलेला फोटो, कारण नोटेवर तोच रथ आहे आणि तिला ते गाईडच्या आधी कळलं होतं. ते पुस्तक ती शाळेत घेऊन गेली, टीपॉयवर वर्षभर होतं, येणारा प्रत्येक जण उचलून चाळायचा. अल्बमचं असं होत नाही, अल्बम आपण काढून दाखवावा लागतो आणि पाहुण्याचं लक्ष तोवर चहाकडे असतं. पुस्तक घडी बसवून हातात येतं, कपाटात जागा कमी खातं आणि त्यातून कोणी फोटो ढापू शकत नाही.

(मराठी मजकूर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. ॲपमधे टाइप केलेली जोडाक्षरं छापताना तुटू शकतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसू शकते. मी ओळ दुसरीकडे टाइप करून तिची इमेज करतो आणि ती फोटोसारखी पानावर ठेवतो. किचकट आहे, पण 'पंच्याहत्तरी' हा शब्द पंच्याहत्तरीसारखा दिसतो.)

तर पंच्याहत्तरी. २०२३ च्या डिसेंबरात आईची केली, सगळं गोत जमलं, तेवीस माणसांचा ग्रुप फोटो निघाला. मधे दोन खुर्च्या, एकीवर आई, शेजारी आत्या. हंपीचं पुस्तक झकास झालेलं, त्यामुळे याचंही करायचं हे ठरलेलंच होतं. तीन रात्री बसून पानं लावली, ग्रुप फोटो अर्थातच दोन पानांवर पसरला, स्क्रीनवर एक नंबर दिसत होता. छापून आलं, उघडलं, आणि आत्या गायब. म्हणजे साडीचा एक काठ या पानावर, एक कान आणि कुडी त्या पानावर, मधला चेहरा शिवणीत गेलेला. पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरलं की अर्धं नाक दिसायचं. ॲपमधे मधे एक फिकट रेघ असते, पण स्क्रीनवर पान सपाट असतं आणि पुस्तक काही सपाट उघडत नाही, साध्या बाइंडिंगमधे दोन्ही बाजूंचं मिळून बोटभर तरी आत जातं. हंपीच्या वेळी रथाचं चाक गेलं असेल, रथाने तक्रार केली नाही.

आत्याने पण केली नाही. आईकडे राहायला आली होती तेव्हा तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं, मग परत पहिल्यापासून पाहिलं, आणि चष्मा काढून म्हणाली, "छान झालंय रे. मी एकाच फोटोत आहे वाटतं." मोजायला गेलो तर खरंच एकाच. आणि तो हा.

यात तिला टोचण्यासारखं काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आत्याचं घर चिपळूणला बाजारपेठेजवळ, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा तळमजला गेला, त्यात फोटोंचं कपाटही गेलं. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. आत्येभावाच्या लग्नाचा जाडजूड करिझ्मा अल्बम (पानांवरच फोटो छापलेला असतो तो) फुगून पावासारखा झाला होता, पानं एकमेकांना चिकटून एकच ठोकळा, सुरीने सोडवायला गेलो तर चेहरे निघून आले. त्याच कपाटातले प्लास्टिकच्या कप्प्यांतले साधे रोलच्या जमान्यातले प्रिंट मात्र अजून ओले होते, ते बादलीत स्वच्छ पाण्यात एकेक करून सोडवले, चिखल धुतला, वर्तमानपत्रावर छापील बाजू वर करून वाळवले. बऱ्याच फोटोंचे रंग वाहून गेले होते, तरी बत्तीस वाचले. (कोणावर वेळ आलीच तर ओले फोटो ढिगात वाळू देऊ नका. एकदा एकमेकांवर वाळले की संपलं.) निगेटिव्ह पण त्याच कपाटात होत्या. म्हणजे त्या बाईकडे साठ-पासष्ट वर्षांच्या संसाराचे बत्तीस फोटो उरले होते आणि मी तिला शिवणीत घातलं.

फोटोबुकवाल्यांना फोन केला. प्रिव्ह्यू तुम्हीच ओके केला होता, म्हणाले, आणि ते खरंच होतं. एक पान बदलून मिळत नाही, अख्खं पुस्तक परत छापायचं, परत पूर्ण पैसे. त्यांचा दोष मी म्हणणार नाही, पुस्तक हा प्रकारच तसा आहे, एकदा शिवला की शिवला. पण माझ्यापुरता निकाल तिथे लागला. घरच्या फोटोंत चूक होणारच, कोणीतरी राहणारच, कोणाचे डोळे मिटलेले येणारच, आणि ते कळतं कधी तर माणसं बघायला बसतात तेव्हा. अल्बममधे असलं काही झालं की दहा रुपयाचा एक प्रिंट काढायचा आणि कप्प्यात सरकवायचा. (आमच्या लॅबमधे चार बाय सहाला दहा घेतात, तुमच्याकडे थोडं वरखाली असेल.) सपाट उघडणारं लेफ्लॅट बाइंडिंग मिळतं, थोडे जास्त पैसे पडतात, त्यात शिवणीचा प्रश्न बराचसा सुटतो हे मान्य. राहिलेली आत्या त्याने परत येत नाही.

आता सुट्या प्रिंटांचं कौतुक करतोय म्हणून ते बिनत्रासाचे आहेत असं समजू नका. पहिला त्रास डोकी उडण्याचा. फोन फोटो काढतो चारास तीनच्या मापात आणि लॅबचा कागद सहा बाय चार, म्हणजे तीनास दोन. सहा इंच रुंदी भरायची तर फोटोची उंची साडेचार इंच होते, कागद चारच इंच, जास्तीचा अर्धा इंच कुठेतरी कापावाच लागणार. मशीन वरून खालून सारखं कापतं, त्यामुळे मागच्या रांगेतल्या उंच माणसांचे केस आणि पुढच्यांच्या पायातल्या चपला जातात. लॅबवाल्याला "पूर्ण फोटो पाहिजे, बाजूला पांढरी पट्टी आली तरी चालेल" असं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, तोंडी सांगितलेलं काउंटरवरून मशीनपर्यंत पोचत नाही. मग दोन्ही बाजूंना साधारण पाव ते अर्धा इंच पट्टी येते. मोठा फोटो काढायचा तर सहा बाय आठ घ्या, तो फोनच्या मापाचाच आहे, काही कापलं जात नाही.

त्याच चिठ्ठीवर दुसरी ओळ, "करेक्शन नको". नाहीतर सगळं खानदान गोरं होऊन येतं. माझे काका रापलेले, शेतावरचे, त्यांना लॅबने असं उजळवलं होतं की काकू म्हणाली हे कोण. आणि ग्लॉसी घेऊ नका, पावसाळ्यात प्लास्टिकला चिकटतं, बोटांचे ठसे पडतात ते वेगळंच. मॅट घ्या, फक्त त्यातला खरखरीत पोताचा नको, पुढे कधी स्कॅन करायचा झाला तर ते पोत पण स्कॅन होतं. मागे बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उमटतो आणि शाई पटकन वाळत नाही म्हणून खालच्या फोटोला लागते. सीडीवर लिहायचा बारीक मार्कर चालतो, तोही कोपऱ्यात. मी तर अल्बमच असा घेतो की कप्प्याशेजारी लिहायला कागदी पट्टी असते, दोनशे फोटोंचा, आमचं एक वर्ष त्यात बसतं आणि वर जुन्यांच्या कॉप्यांना जागा उरते.

फोटो निवडण्याचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच आणि तेच खरं जड आहे. गूगल फोटोजचं फुकट अमर्याद स्टोरेज १ जून २०२१ ला बंद झालं, मेल-बिल धरून १५ जीबीच फुकट उरलं, तेव्हापासून आमच्याकडे हार्ड डिस्क आली. दोन आहेत, एक भावाकडे असते, चिपळूण बघितल्यावर दोन्ही एका कपाटात ठेवायची हिंमत नाही. शोधायला फोनमधलं ॲप उत्तमच आहे, 'समुद्र' म्हटलं की समुद्र काढून देतं. छापायला काढायचे म्हटलं की मला फोल्डर लागतात, वर्ष, त्यात महिना, त्यात एक 'छापायचे' नावाचा. महिन्याला दहा, जास्त नाही, पोरगी निवडते आणि बायको त्यातले माझे झोपलेले काढून टाकते.

गोची होते व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची. फोटो काढल्याची तारीख त्यातून पुसली जाते, फाईलच्या नावात फक्त आला त्या दिवसाची तारीख उरते, त्यामुळे आजोबांचा १९६२ चा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला की तो २०२४ च्या गणपतीत, मोदकांच्या शेजारी जाऊन बसतो. आला की लगेच नाव बदलायचं, '१९६२ आजोबा कराड' असं. नंतर करू म्हटलं की राहिलं. शिवाय तो आक्रसलेला असतो, चार बाय सहाला चालून जातो, आठ बाय बाराला चेहऱ्यावर चौकोन दिसतात. नातेवाइकांना सांगून ठेवलंय, फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दहातले दोन ऐकतात.

लॅबला पेनड्राइव्ह देताना त्यात फक्त छापायचेच फोटो ठेवा, ००१, ००२ अशी नावं देऊन, म्हणजे त्याच क्रमाने येतात. परत आलेला पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा, आमचा एकदा काहीतरी घेऊन आला होता.

मित्राला मी काय सांगितलं, तर एका ट्रिपचं, एका बारशाचं, जे संपलंय आणि ज्यात नंतर काही घालायचं नाही त्याचं फोटोबुक जरूर कर, न्यू जर्सीच्या मेहुणीला पाठवायला पण तेच बरं, तिला अल्बम पाठवला तर कुरिअरलाच जास्त पडतील. पोराची सहा वर्षं मात्र मी अल्बममधेच लावीन. त्याचं त्याने ठरवावं, त्याच्या बायकोला पुस्तकच हवंय असं मला वाटतं.

आईच्या पंच्याहत्तरीचे नंतर सुटे प्रिंट काढले, एकशे दहा, त्यात आत्या चौदा फोटोंत सापडली, ती सगळीकडे होती, मीच पानं लावताना केक आणि औक्षण बघत बसलो होतो. ग्रुप फोटो सहा बाय आठचा काढला. गेल्या मे महिन्यात ती परत आली तेव्हा अल्बम तिच्या मांडीवर दिला आणि म्हटलं आत्या, हवे ते काढून घे. नको रे, तुमचा अल्बम मोडेल, म्हणाली. रात्री जेवणं झाल्यावर खोलीत दिवा चालू होता. ती गेल्यावर बघितलं तर अकरा कप्पे रिकामे, त्यात दोन तर तिचे नसून माझ्या वडिलांचे, जुन्यावरून केलेल्या कॉप्या. फोटो नंबर पट्टीवर होतेच, कागदावर उतरवून सोमवारी लॅबमधे देऊन आलो, एकशे दहा रुपये.