‘पॉइंट झिरो करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलो

वैशाखात साडूच्या पोरीचं लग्न होतं. ऐन तिथीला ट्रॅव्हल्स मिळेना, म्हणून माझ्याच पिकअपमध्ये मागं सतरंजी अंथरून उदगीरहून वऱ्हाड नेलं. एरवी ही गाडी मोंढ्यात सोयाबीन-तूर टाकते. वाटेत अडवलं, लायसन जमा झालं आणि काही दिवसांनी नोटीस आली: लायसन निलंबित का करू नये, ते अमुक तारखेला येऊन सांगा. मी कुणाकडून रुपयाही घेतला नव्हता, पण मालगाडीत माणसं बसवली की भाडं घ्या नाहीतर फुकट न्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये ते येतंच.

आरटीओसमोरच्या झेरॉक्सच्या टपरीवर एकजण भेटला. “मामा, लायसनवर तुमच्या चुकांचे बारा पॉइंट भरलेत. साडेसहा हजारात झिरो करून देतो. तारखेला तुम्ही येऊच नका, साहेब चिडतेत.”

नोटिशीत पॉइंट हा शब्दच नव्हता, मोटार वाहन कायद्याचं कलम १९ होतं. मी ते वाचलंही होतं, तरी मान डोलावली. गाडीचा हप्ता डोक्यावर होता. पैसे त्यानं फोनपेवर घेतले, तेही त्याच्या भाच्याच्या नंबरावर.

मी सुनावणीला गेलो नाही. तीन महिन्यांच्या निलंबनाचा आदेश पोस्टानं घरी आला, आणि शहाण्यासारखा तो घेऊन मी परत त्याच्याकडेच गेलो! आणखी दोन हजार घेऊन त्यानं शिक्का मारलेला ‘स्टे’, म्हणजे निलंबनाला स्थगितीचा कागद, हातात ठेवला. त्याच्या जोरावर दीड महिना गाडी पळवली. मग नाकाबंदीत पोलिसानं मशीनमध्ये नंबर टाकला, तर लायसन निलंबितच. आता कलम १८२ लागलंय: तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर १०,००० दंड, किंवा दोन्ही.

वकिलानं कागद बघून एवढंच विचारलं, “आदेश कधी मिळाला?” हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. ते दिवस त्या ‘स्टे’च्या भरवशावर गेले. सुनावणीत आपलं म्हणणं मांडायचा हक्कही कायद्यानंच दिलाय. मला तिथं जायला बसभाडंच लागलं असतं. निलंबन उठलं की नाही, हे सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून घरबसल्या दिसतं. ते पोरानं दाखवलं, पण नंतर.

टपरीवाला म्हणतो, तो माणूस आपला नव्हेच. फोन बंद. भाच्याच्या नंबराची नोंद असलेले स्क्रीनशॉट पोलिसांत दिलेत.

‘स्टे’चा कागद पुतणीनं बघितला. आठवीत आहे. म्हणाली, “काका, शिक्क्यात ‘परीवहन’ लिहिलंय. री दीर्घ.”