५७ सेंटिमीटरचं ग्रिल, ३.२ किलो वजन

एकूण ₹८,१९८ गेले. ₹६,४९९ ऑनलाइन मागवलेल्या कोळशाच्या ग्रिलचे, म्हणजे चिकन वगैरे भाजायच्या शेगडीचे, ₹७४९ ‘परत मिळणाऱ्या ट्रान्झिट विम्याचे’ आणि वर ₹९५० ती वस्तू परत न्यायला येणाऱ्या कुरिअरचे. तो कुरिअर आलाच नाही. आकडे मुद्दाम पूर्ण लिहितोय. लाजेपोटी ‘पाच-सात हजार’ म्हणून सोडून दिलं की समोरच्याला वाटतं, झालं काहीतरी किरकोळ.

‘गोदाम रिकामं करतोय’ ही जाहिरात कशी असते ते सगळ्यांनी पाहिलंय. उलटं चालणारं घड्याळ, शेवटचे तीन नग, सगळं तेच. पण या वेबपानावर संशय यावा असं वरवर काही नव्हतं. मराठीत वर्णन होतं, पुण्याचा पत्ता होता, जीएसटी क्रमांक होता. नव्वद टक्के सूट दिली असती तर कोणीही ओळखलं असतं. इथे किंमत बाजारभावाच्या साधारण एक तृतीयांश होती, म्हणजे जुना माल काढतायत यावर विश्वास बसेल एवढीच. आणि महिनाभर वाचून जे जे हवं म्हणून ठरवलं होतं ते सगळं तिथे होतं: कोळशाचं, घुमटासारख्या झाकणाचं, खाली आणि वर हवेच्या झडपा, राख गोळा करायचं भांडं.

माहितीच्या तक्त्यात शेवटून दुसरी ओळ होती: वजन ३.२ किलो.

ती ओळ मी वाचली होती. वाचून पुढे गेलो. अजूनही रात्री आठवली की अंगाचा तिळपापड होतो. ५७ सेमी व्यासाचं, इनॅमल केलेल्या पत्र्याचं, पायांसकट आणि झाकणासकट ग्रिल १४-१५ किलोंच्या आसपास भरतं. घरातला रिकामा गॅस सिलिंडर उचलून बघा, जवळपास तेवढं. त्याच तक्त्यात जाळी ‘एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार), ६ मिमी सळई’ अशी लिहिली होती. आता हिशेब करा. ६ मिमीची सळई मीटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ५७ सेमीच्या गोलात १२ मिमीच्या फटी ठेवून सळ्या बसवल्या तर साधारण १४ मीटर सळई लागते. म्हणजे नुसती जाळीच तीन किलोंच्या वर! मग भांडं, झाकण आणि पाय काय हवेचे होते? आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं, ‘वस्तू जड असल्याने कॅश ऑन डिलिव्हरी उपलब्ध नाही’. दोन्ही वाक्यं एकाच पानावर होती. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती म्हणून मी पैसे भरले.

जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा पॅनची. त्या पानावरच्या क्रमांकात १४ होती. हे नंतर मोजलं. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं, तिथेही थांबायला हवं होतं. तुम्ही तरी थांबा.

नवव्या दिवशी खोकं आलं. डिलिव्हरीवाल्याने आधी ओटीपी मागितला, उघडून बघायची परवानगी नाही म्हणाला. लेबलवर लिहिलं होतं: ‘किचन आयटम, मूल्य ₹४९९’. ओटीपी देण्याआधी लेबल वाचा. लेबलपासून सुरुवात करून, मध्ये न थांबवता, खोकं उघडण्याचा व्हिडिओ काढा. माझ्याकडे फक्त फोटो होते आणि ते कोणीच पुरावा म्हणून धरले नाहीत.

आत ३५ सेमीचं काळं रंगवलेलं भांडं. अंगठ्याने दाबलं की पत्रा डबीसारखा टक्‌ करून आत जायचा. पाय एकेरी पत्र्यात साध्या स्क्रूने अडकवलेले. पत्रा तापला की भोक सैल होतं आणि पाय लटपटतो. पेटत्या निखाऱ्यांचं भांडं डळमळणाऱ्या तीन पायांवर, हे नुसतं वाईट नाही, धोक्याचं आहे. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भाजून बसवलेला काचेचा थर. नखाने टिचकी मारली तर कपबशीसारखा आवाज येतो. इथे साधा रंग होता. पहिला कागद पेटवल्याबरोबर आतून फोड आले आणि ऑइलपेंट जळल्याचा वास सुटला. असल्या भांड्यात काहीही भाजून खाऊ नका.

खालची झडप म्हणून दाखवलेलं जे होतं ते छापलेलं चित्र. भोकच नाही. कोळशाला हवा खालून लागते; ती नसली की वरचे दोन-चार तुकडे लाल होतात आणि बाकीचा ढीग धुमसत राहतो, नवशिक्याला वाटतं कोळसाच ओला आहे. जाळी दोनेक मिमीच्या तारेची, एक किलो चिकन ठेवलं की मधोमध खाली झुकणारी. आणि कोळसा ते जाळी अंतर जेमतेम चार सेमी. हे अंतर १० ते १५ सेमी लागतं, नाहीतर तंगडी बाहेरून काळी आणि हाडाजवळ कच्ची. चिकन आत ७४ अंश सेल्सियसपर्यंत जायला हवं, ते झाकण आणि दोन भागांची आच असल्याशिवाय नीट जमत नाही: निखारे एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी, जाड तुकडे मोकळ्या बाजूला ठेवून झाकण लावायचं. ३५ सेमीत दोन बाजू करायला जागाच नसते. चौघांसाठी ४७ सेमी पुरतं, सहा-आठ जणांसाठी ५७.

‘एसएस ३०४’ या शब्दावरही जाऊ नका. चुंबक घेऊन दुकानात जाणारे खूप आहेत, पण चुंबक २०२ या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसलाही चिकटत नाही, त्यामुळे त्याने फक्त ४३० प्रकारचं स्टेनलेस आणि साधं लोखंड कळतं. २०२ आणि ३०४ यांतला फरक तपासणीचं द्रावण टाकून कळतो. मँगनीज जास्त असलं, म्हणजे २०२ असलं, की थेंब लालसर होतो. स्टेनलेसचं भंगार घेणारे हे रोज करतात. चकचकीत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी तर फुकट दिली तरी नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि निखारे त्याहून कितीतरी तापतात. त्या धुराने माणूस आजारी पडतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणार असाल तर भांड्याला १६ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) काळा पत्रा सांगा आणि बिलावर गेज आणि सळईचा व्यास लिहून घ्या.

आता ते ₹९५०. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, ‘रिव्हर्स पिकअपचे पैसे भरा, रिफंडमध्ये जमा होतील.’ एकदा फसलेला माणूस परत कसा भरतो, असं लोक विचारतात. वस्तू परत गेल्याशिवाय दाद मागता येणार नाही अशीच समजूत होती, म्हणून भरले. विकणाऱ्याने वेगळाच माल पाठवला तर परतीचा खर्च त्याचा. पुढे एक रुपया पाठवू नका.

बँकेत सांगितलं, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक दाखवलं, तर म्हणाले ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तेवढं खरं आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कळवायला काय हरकत होती? अर्ज घेतला, पोच द्यायला पाऊण तास लावला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक न्यायालयात जा.’ एक दाखवून दुसरं देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या टेबलावर म्हणाले, सायबरकडे जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली, ती वर्ग होऊन त्याच पहिल्या ठाण्यात आली, आणि तिथून फोन आला की वस्तू मिळालेली असल्याने तक्रार मागे घेता का. नाही घेतली. चार खेपा, चार अर्ज, आणि प्रत्येक टेबलावर तेच हसू: एवढ्याशा शेगडीसाठी?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि २०१९च्या कायद्याने स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि पानावरच्या पत्त्यावर एक रहिवासी सोसायटी निघाली, जिथे त्या नावाचं कोणी नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विकणाऱ्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते दाखवणं बंधनकारक आहे. क्रेडिट कार्डाने भरा, चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच अडवता येतात. मी दहाव्या दिवशी केला.

तेच फोटो, तेच घड्याळ घेऊन जाहिरात आता दुसऱ्या नावाने चालू आहे. किंमत ₹६,९९९ झाली आहे. तक्त्यातली वजनाची ओळ काढून टाकली आहे, तेव्हा वजन विचारा आणि लेखी मागा.